दोन-तीन राज्यांत मुक्काम असणाऱ्या निवृत्तांसाठी: मेडिक्लेम, आयुष्मान कार्ड आणि परगावचं हॉस्पिटल

दादर, पार्ले, मुलुंड, डोंबिवली, कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेतली हजेरी बघा. पावसाळ्यात कुणी लेकीकडे बंगळूरला, दिवाळीनंतर कुणी मुलाकडे बडोद्याला, कुणी गोव्यात हौसेनं घेतलेल्या वन बीएचकेमध्ये. घर मुंबईत, पेन्शन मुंबईत, नेहमीचे डॉक्टर मुंबईत आणि वर्षातले चार-सहा महिने मुक्काम भलतीकडे. अशा राहण्यात गैर काहीच नाही. पण छातीत दुखायला लागतं ते आपण कुठल्या राज्यात आहोत हे बघून नव्हे. मेडिक्लेमचे कागद मात्र ते बघतात.

आमच्या संघात मेडिक्लेमचे फॉर्म भरून द्यायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे अडकलेले क्लेम बरेच नजरेखालून जातात. अडकलेल्यांपैकी बहुतेकांची पॉलिसी ठीकठाक असते. घोळ होतो तो तीन ठिकाणी: पॉलिसीवरचा पत्ता, पॉलिसीला जोडलेला मोबाइल नंबर आणि जुने रिपोर्ट. तिन्हींचा बंदोबस्त मुंबई सोडण्याआधी, बसल्या जागी करता येतो.

आधी एक कागद घ्या

त्यावर लिहा की आपल्याला आजारपणात कुणाकुणाचा आधार आहे. नोकरीमुळे मिळालेली योजना, स्वतः घेतलेली पॉलिसी, मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतलं आपलं नाव आणि सरकारी योजना. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी: महाराष्ट्राबाहेर चालते का, कुठल्या हॉस्पिटलात चालते, अडचण आली तर फोन कुणाला.

नोकरीतल्या योजना राज्याच्या सीमेवर सहसा थांबत नाहीत. केंद्र सरकारच्या पेन्शनरांचं सीजीएचएस कार्ड देशातल्या कुठल्याही सीजीएचएस शहरातल्या वेलनेस सेंटरवर दाखवता येतं. सत्तरी ओलांडलेल्यांना यादीतल्या हॉस्पिटलातल्या स्पेशालिस्टकडे रेफरलशिवाय थेट जाता येतं. पण ही केंद्रं ठरावीक शहरांतच आहेत. लेक अशा गावी राहत असेल जिथं केंद्रच नाही, तर सर्वात जवळचं कुठलं आणि त्या भागात यादीतलं हॉस्पिटल कोणतं हे निघण्याआधी काढून ठेवा. रेल्वेवाल्यांचं उमीद कार्ड भायखळ्याच्या किंवा मुंबई सेंट्रलच्या रेल्वे हॉस्पिटलाइतकंच परगावच्या रेल्वे हॉस्पिटलात चालतं. माजी सैनिकांना ईसीएचएसच्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये जाता येतं.

सरकारी बँकांतून निवृत्त झालेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांची ग्रुप पॉलिसी नोव्हेंबरपासून नव्यानं सुरू होते, म्हणजे हप्ता भरायची मुदत नेमकी दसरा-दिवाळीच्या धामधुमीत येते, जेव्हा अर्धे लोक नातवंडांकडे असतात. एकदा का नूतनीकरण हुकलं की पुन्हा आत शिरणं फार कठीण. तेव्हा त्या महिन्यांत कुठंही असा, बँकेच्या संदेशांवर लक्ष ठेवा आणि खात्यात पैसे ठेवा.

मुलांच्या कंपनीच्या पॉलिसीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती मिळतेय तर आनंदानं घ्या, पण तिच्या भरवशावर स्वतःची पॉलिसी बंद करू नका. मुलानं नोकरी बदलली की त्याच दिवशी आपलं नाव जातं, आणि नव्या कंपनीत आईवडिलांना घेतीलच असं नाही. १ एप्रिल २०२४ पासून नवी आरोग्य पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची वरची मर्यादा राहिलेली नाही हे खरं, पण पंचाहत्तरीत नव्यानं पॉलिसी घ्यायला गेलात तर हप्ता बघून घाम फुटेल, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. जुनी पॉलिसी म्हणजे तो थांबण्याचा काळ आधीच संपवून ठेवलेला असतो. तिची खरी किंमत तीच.

पत्ता आणि झोन

बऱ्याच कंपन्या हप्ता ठरवताना देशाचे झोन पाडतात. मुंबई जवळपास नेहमीच सर्वात महाग झोनमध्ये असते, कारण इथलं हॉस्पिटलचं बिल मोठं. छोटी शहरं आणि गावं स्वस्त झोनमध्ये. कुठलं शहर कुठे बसतं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. ठाणे, नवी मुंबई, बंगळूर, बडोदा यांच्याबद्दल कंपनीगणिक फरक सापडेल.

नियम साधारण असा: महाग झोनचा हप्ता भरलेल्यानं स्वस्त झोनमध्ये उपचार घेतले तर काही कापलं जात नाही. उलट झालं, म्हणजे स्वस्त झोनचा हप्ता भरून महाग झोनमध्ये ॲडमिट झालात, तर बिलातला ठरावीक वाटा तुमच्या माथी येतो. त्याला को-पे म्हणतात आणि तो १० ते २० टक्के असू शकतो.

आता आपल्याकडे काय होतं बघा. निवृत्तीनंतर कुणीतरी सुचवतं, "अहो, गावचा पत्ता टाका पॉलिसीत, हप्ता कमी बसेल." रत्नागिरीचा नाहीतर सावंतवाडीचा पत्ता दिला जातो, हप्ता काही हजारांनी उतरतो आणि सगळे खूश. मग बायपास करायची वेळ येते. ती रत्नागिरीत करायला कोण थांबतो? माणूस मुंबई गाठतो. बिल ६ लाख आणि को-पे २० टक्के असेल तर १ लाख २० हजार खिशातून जातात. वाचवलेल्या हप्त्यांतून ती भरपाई व्हायला कित्येक वर्षं लागावीत. शिवाय कायमचं राहणं मुंबईत आणि पत्ता गावचा, हे कंपनीच्या लक्षात आलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो तो वेगळाच.

म्हणून मुंबईकरानं पत्ता मुंबईचाच ठेवावा. कायमचे मुलाकडे राहायला गेलात तर मात्र कंपनीला लेखी कळवून पत्ता बदलून घ्या आणि त्याची नोंद असलेलं पत्रक, ज्याला एन्डॉर्समेंट म्हणतात, मागून घ्या. नुसतं एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे पत्ता बदलला असं होत नाही.

एक सावधगिरी आधारच्या पत्त्याबद्दल. परगावी गॅस, बँक, सिम कार्ड यासाठी सोयीचं पडतं म्हणून लोक आधारवर मुलाचा पत्ता टाकून मोकळे होतात. राज्य सरकारच्या आरोग्य योजना त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी असतात. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला तर गोव्यात ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. म्हणजे इकडचं सोडलं आणि तिकडचं मिळालं नाही, असा मधला काळ येऊ शकतो. वर्षातले चारच महिने तिकडे असाल तर महाराष्ट्रातलं रेशन कार्ड आणि पत्ता हलवू नका.

पॉलिसीतल्या कुठल्या ओळी वाचायच्या

चाळीस पानं वाचायला कुणालाच आवडत नाही. कंपनीनं पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक द्यायचं असतं, त्यात सगळं थोडक्यात असतं आणि ते स्थानिक भाषेत मागता येतं. त्यात खोलीभाडं, को-पे, आजारनिहाय मर्यादा आणि थांबण्याचा काळ एवढं पेन्सिलनं अधोरेखित करा.

खोलीभाड्याची ओळ सर्वात जास्त फसवते. जुन्या पॉलिसींमध्ये दिवसाचं भाडं विम्याच्या रकमेच्या १ टक्का अशी मर्यादा असते. ५ लाखांची पॉलिसी, तर खोली ५ हजारांपर्यंत. मोठ्या शहरातल्या चांगल्या हॉस्पिटलात सिंगल रूम १० हजारांची निघाली आणि लेक म्हणाली, "आई, राहू दे, वरचे पाच हजार मी भरते," तर हिशोब तिथं संपत नाही. भाडं दुप्पट घेतलं म्हणून डॉक्टरांची फी, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मंच मिळतं.

आकड्यांत मांडतो. बिल ३ लाख. त्यात ५ दिवसांचं भाडं ५० हजार, डॉक्टर-थिएटर वगैरे १ लाख ३० हजार, औषधं-इम्प्लांट-तपासण्या १ लाख २० हजार. भाड्याचे मिळाले २५ हजार, डॉक्टर-थिएटरचे ६५ हजार. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, म्हणून ते १ लाख २० हजार पूर्ण. एकूण २ लाख १० हजार. उरलेले ९० हजार घरचे. लेकीनं मनाशी धरलेले वरचे २५ हजार, प्रत्यक्षात गेले ९०. त्यामुळे ॲडमिशन काउंटरवर खोली निवडताना पहिला प्रश्न असा विचारा: "आमच्या पॉलिसीत कुठली रूम बसते?" ती रिकामी नसेल तर तसं हॉस्पिटलकडून लिहून घ्या. मोतीबिंदू, गुडघ्याचं ऑपरेशन अशा ठरलेल्या गोष्टींत तर खोली मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

विम्याची रक्कम कमी वाटत असेल तर मूळ पॉलिसी मोठी करण्यापेक्षा सुपर टॉप-अप स्वस्त पडतं. ५ लाखांची पॉलिसी हाताशी, त्यावर ५ लाखांच्या पुढचा खर्च उचलणारा टॉप-अप. पण खोलीभाड्याची जुनी मर्यादा टॉप-अपमुळे सुटत नाही, ती पहिल्या पॉलिसीत तशीच राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही. पूर्वी १८ टक्के लागायचा. ग्रुप पॉलिसीला ही सवलत नाही, त्यामुळे दोन्हींच्या हप्त्याची तुलना करताना हे ध्यानात असू द्या.

सत्तरीनंतरचं वय वंदना कार्ड

७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला ही सोय सुरू झाली. "आम्ही काय गरीब आहोत का?" म्हणून कार्ड न काढणारे मी रोज बघतो. कृपया काढा. दोन राज्यांत राहणाऱ्यांसाठी याच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही, कारण हे कार्ड योजनेत सामील असलेल्या कुठल्याही राज्यातल्या यादीतल्या हॉस्पिटलात चालतं. जुन्या आजारांसाठी थांबणं नाही, पहिल्या दिवसापासून सगळं धरतात. खासगी मेडिक्लेम असला तरी हरकत नाही. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असणाऱ्यांना मात्र दोनपैकी एकच निवडावं लागतं. त्यांनी घाई करू नये, बहुतेकांना आपली जुनी योजनाच जास्त उपयोगाची असते.

५ लाख हे घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून आहेत, नवरा-बायकोला प्रत्येकी नव्हे. कार्डासाठी फक्त आधार लागतं. वय आधारवरचंच धरतात, म्हणून तिथं जन्मसाल चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करा. आयुष्मान ॲपवर घरबसल्या होतं, किंवा यादीतल्या हॉस्पिटलात जाऊन करता येतं. चौकशीसाठी १४५५५.

मर्यादाही सांगतो. ओपीडी यात नाही, ॲडमिट व्हावं लागतं. मोठी पंचतारांकित हॉस्पिटलं बऱ्याचदा यादीत नसतात. यादीतल्या हॉस्पिटलातही सगळे विभाग योजनेत असतीलच असं नाही; हृदयाचं असेल, हाडांचं नसेल. जाण्याआधी तिथल्या आयुष्मान मित्राला, महाराष्ट्रात आरोग्यमित्र म्हणतात, नेमका आजार सांगून विचारा.

लोक एक गल्लत हमखास करतात. १४ आकडी आभा नंबर आणि आयुष्मान कार्ड एक नव्हेत. आभा म्हणजे आपले रिपोर्ट डिजिटल ठेवण्याचा नंबर, त्यातून एक पैशाचाही विमा मिळत नाही. काउंटरवर आभाचं कार्ड दाखवून "आमचं कॅशलेस करा" म्हणणाऱ्यांची फजिती होते.

सत्तरी गाठली नसेल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशन कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ठरलेले उपचार, ठरलेली हॉस्पिटलं, हेल्पलाइन १५५३८८. ही राज्याची योजना, म्हणून परगावी तिच्यावर विसंबू नका.

परगावी पोचल्यावर पहिला आठवडा

बॅगा उघडल्या, नातवंडांना खाऊ दिला, आता ही कामं. पहिल्या आठवड्यात केली तर झाली, नाहीतर परतीच्या तिकिटापर्यंत राहतात.

घराजवळचा एक जनरल फिजिशियन गाठा. तब्येत उत्तम असताना, बीपी बघायला म्हणून जा. त्याला फाइल दाखवा, सांगा की आमचे मुख्य डॉक्टर मुंबईचे आहेत, आम्ही इथं चार महिने आहोत. रात्री अकराला फोन केल्यावर "कोण?" असं विचारणाऱ्यापेक्षा ओळखणारा डॉक्टर बरा. पण औषधं बदलायचा अधिकार एकाच डॉक्टरकडे ठेवा. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी बंगळूरच्यानं बदलली, परत आल्यावर मुंबईकर म्हणाले ही कशाला, आणि मधल्या काळात आजोबा दोन्ही घेत होते, असे प्रकार होतात. दोघांपैकी मुख्य कोण ते तुम्ही ठरवा आणि दोघांनाही सांगा.

मग हॉस्पिटल. एक नाही, दोन हेरून ठेवा: एक पाच-दहा मिनिटांवरचं, जिथं रात्री इमर्जन्सी आणि आयसीयू चालू असतं, आणि दुसरं आपल्या पॉलिसीच्या नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं मोठं. कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की नेटवर्क हॉस्पिटलांची यादी येते, पण ती यादी जुनी असू शकते. म्हणून एकदा प्रत्यक्ष जा. तळमजल्यावर इन्शुरन्स किंवा टीपीए (विमा कंपनीच्या वतीनं क्लेमचं काम बघणारी संस्था) अशी पाटी असलेली खिडकी असते. तिथं पॉलिसीचं कार्ड दाखवून विचारा की ही कंपनी आत्ता चालू आहे ना, डिपॉझिट किती मागता, आमच्या पॉलिसीत कुठली खोली बसते. खिडकीमागची मुलगी हिंदीत नाहीतर इंग्रजीत पाच मिनिटांत सगळं सांगते, कारण समोर घाबरलेलं कुटुंब नसतं. तिच्याकडे कंपनीचा चालू-बंद तक्ता असतोच. अमुक कंपनीचं कॅशलेस मागच्या महिन्यापासून थांबलंय, ही बातमी वेबसाइटच्या आधी तिथं कळते.

अँब्युलन्ससाठी १०८ महाराष्ट्रात चालतो तसा कर्नाटक, गोवा आणि गुजरातमध्येही चालतो. ११२ देशभर. तरी सोसायटीच्या वॉचमनला जवळच्या हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचा नंबर देऊन ठेवा. घराचा पत्ता स्थानिक उच्चारात, खुणेसकट सांगता यायला हवा. मुलगा ऑफिसात आणि घरी तुम्ही दोघंच असाल तेव्हा "तो मोठ्या मॉलच्या मागे" एवढ्यावर अँब्युलन्स पोचत नाही. दारामागे कागद चिकटवा.

फाइल, औषधं आणि मोबाइल

इमर्जन्सीतला तरुण डॉक्टर छातीत दुखतंय म्हटल्यावर ईसीजी काढतो आणि लगेच विचारतो, "जुना ईसीजी आहे का?" हृदयाच्या जुन्या खुणा आणि आत्ताचा झटका यांतला फरक त्याला जुना कागद समोर असला की पटकन कळतो. तो मुंबईच्या कपाटात असेल तर काय उपयोग? म्हणून एक पातळ फाइल सोबत ठेवाच. शेवटचा ईसीजी, टूडी एकोचा रिपोर्ट, शेवटच्या रक्ततपासण्या, आधीच्या ऑपरेशनांच्या डिस्चार्ज समरी. स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड पाकिटात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: आजार, चालू औषधं आणि डोस, कशाची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास लाल शाईनं, मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर, मुलांचे नंबर. ओरिजिनल कागद मुंबईत, सोबत झेरॉक्स, आणि सगळ्यांचे फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये.

औषधं निदान महिन्याची पुरून उरतील एवढी न्या. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण मुंबईत सहज मिळणारा ब्रँड दुसऱ्या राज्यात केमिस्टकडे नसतो, मूळ नावानं मात्र मिळतं आणि जन औषधी केंद्रात स्वस्तही मिळतं. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांना तिथला केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर नाही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी तो पहिल्या आठवड्यातला फिजिशियन. इन्सुलिनची न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत राहायला हवीत. उद्यान एक्सप्रेसनं जाताना चोवीस तास काढायचे असतात, तेव्हा गार राहणारा पाउच लागतोच. विमानात ती हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

आणि मोबाइल. वीस वर्षांपूर्वीच्या पॉलिसीला एजंटचा नाहीतर घरच्या लँडलाइनचा नंबर जोडलेला असतो. आता सगळं ओटीपीवर चालतं. काउंटरवर पॉलिसी नंबर टाकला, ओटीपी गेला एजंटच्या फोनवर, एजंट लग्नाला कोल्हापूरला. पॉलिसी, बँक आणि आधार तिन्हींना तुमचा चालू नंबर आहे का ते आजच बघा. पॉलिसीवर दुसरा नंबर मुलाचा द्या. दोघांपैकी एकाच्याच नावावर सगळी माहिती असेल तर दुसऱ्यालाही पासवर्ड आणि कागद कुठं आहेत ते दाखवून ठेवा. आजारी नेमकं कोण पडेल ते आपल्या हाती नाही.

ॲडमिट व्हायची वेळ

ऑपरेशन ठरलेलं असेल तर कुठल्या शहरात करायचं, हा प्रश्न लोक सर्जनच्या नावावरून सोडवतात. मी म्हणेन, नंतरचे सहा आठवडे जिथं तुम्हाला उठवायला-बसवायला माणूस असेल तिथं करा. गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत करून तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्ट नसलेल्या घरात दोघांनीच राहण्यापेक्षा लेकीकडे केलेलं बरं. डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवसांचे खर्च, बहुधा ६० किंवा ९० दिवसांचे, पॉलिसीत मिळतात. त्यात फॉलो-अप आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी येऊ शकते, तेव्हा त्या पावत्या जपा.

ॲडमिशनच्या निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. अचानक ॲडमिट व्हावं लागलं तर त्यानंतर ४८ तासांच्या आत. नेटवर्कमध्ये नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळावं अशी सोय जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं २५ जानेवारी २०२४ ला सुरू केली. पण हॉस्पिटल तयार असायला हवं, आणि छोटी नर्सिंग होम बऱ्याचदा नकोच म्हणतात. इमर्जन्सीत आधी उपचार, मग वाद.

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीनं एका तासात उत्तर द्यायला हवं आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी ३ तासांत. त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलनं जादा भाडं लावलं तर ते कंपनीनं भरायचं. प्रत्यक्षात डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला "आज सोडतोय" म्हटलेला पेशंट संध्याकाळी सातला लिफ्टपाशी दिसतो. त्यातला बराच वेळ हॉस्पिटलच्या बिलिंगमध्येच जातो, कंपनीचे ३ तास कागद तिथं पोचल्यावर सुरू होतात. म्हणून आदल्या संध्याकाळीच बिलिंगला सांगा, समरी टाइप करायला लावा, आणि कागद किती वाजता पाठवले ते विचारून लिहून ठेवा.

समरी वाचून मगच घ्या. "मधुमेह १५ वर्षांपासून" असं कुणीतरी अंदाजानं लिहितं, पॉलिसीत तुम्ही ८ वर्षं सांगितलेली असतात, आणि तिथून पत्रव्यवहार सुरू होतो. माहिती देणारा बहुतेकदा घाबरलेला जावई असतो, त्याला काय ठाऊक. आजार कधीपासून ते म्हणूनच फाइलच्या पहिल्या पानावर हवं.

पैसे भरून नंतर क्लेम करायचा झाला तर

डिपॉझिटची तयारी ठेवा. हॉस्पिटलसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे, पण तुमच्या बँकेनं किंवा ॲपनं कमी ठेवलेली असू शकते, ती आधी बघा. खातं दोघांच्या नावे असलेलं बरं.

घेऊन यायचे कागद: डिस्चार्ज समरी, तारीखवार फोड असलेलं अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिलं चिठ्ठीसकट, रिपोर्ट, इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं स्टिकर आणि बिल, आणि हॉस्पिटलचा शिक्का-सही असलेला क्लेम फॉर्मचा दुसरा भाग. हा दुसरा भाग मुंबईला परतल्यावर आठवतो, आणि शिक्क्यासाठी बडोद्याला कोण जाणार? परराज्यातल्या हॉस्पिटलाचा रजिस्ट्रेशन नंबर आणि बेडची संख्या असलेलं पत्रही तिथंच मागून घ्या, नेटवर्कबाहेरचं असेल तर कंपनी ते हमखास विचारते. कागद पोचवण्याची मुदत पॉलिसीत असते, साधारण १५ ते ३० दिवस. जमा करताना प्रत्येक पानाची झेरॉक्स आणि पोच हवीच.

पॉलिसी दोन असतील तर पहिला क्लेम कुठल्या कंपनीकडे करायचा ते तुम्ही ठरवायचं. तिथं पुरलं नाही तर उरलेलं दुसरीकडे मागता येतं, पहिलीच्या हिशोबाचं पत्र आणि साक्षांकित प्रती जोडून. मुलाची ग्रुप पॉलिसी आधी वापरावी असं मला वाटतं. आपल्या पॉलिसीचा, क्लेम न केल्याबद्दल मिळणारा बोनस टिकतो.

नूतनीकरण आणि कंपनी बदलणं

हप्त्याची तारीख परगावच्या मुक्कामात येत असेल तर बँकेतून आपोआप जाईल असं करा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. पॉलिसीत ५ वर्षं सलग झाली की माहिती लपवली या कारणावरून कंपनीला क्लेम सहजी नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध करावी लागते. हे सलगपण मोडू देऊ नका. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा, तोही ६० दिवसांच्या आधी नाही. जुनी पॉलिसी नवीन लागू होईपर्यंत सोडू नका. हप्ता फुगला म्हणून बदलत असाल तर हेही माहीत असू द्या: जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते. करात जुनी पद्धत घेत असाल तर ज्येष्ठांच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. पॉलिसीच नसेल तर प्रत्यक्ष औषधपाण्याच्या खर्चावर तेवढीच, मात्र तो रोखीनं केलेला नसावा.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा, पॉलिसीतल्या कुठल्या कलमानुसार तेही त्यात असायला हवं. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. तिथं हललं नाही तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर, किंवा १५५२५५ वर फोन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात जावं लागतं.

उपचार परराज्यात झाले म्हणून तक्रारीसाठी तिथं हेलपाटे घालायची गरज नाही. तुमचं राहणं जिथं आहे किंवा कंपनीची संबंधित शाखा जिथं आहे, त्या भागाच्या लोकपालाकडे अर्ज चालतो. अर्ज ऑनलाइनही होतो. परगावच्या पत्त्यावर पत्रव्यवहार नको असेल तर अर्जात मुंबईचाच पत्ता द्या आणि सुनावणीच्या तारखेला मुक्काम कुठं असेल ते आधीच कळवून ठेवा.